बाळंतिणीची गाडी

"मामाजी, दार एवढं हलवू नका, हातात निघून येईल तुमच्या."

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मान वर केली नाही. पांढऱ्या मारुतीच्या पलीकडच्या बाजूच्या काचा त्यांनी पार खाली केल्या होत्या आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार हातात धरून ते उघडत होते, लोटत होते, पुन्हा उघडत होते. आपण सुपानं धान्य पाखडतो ना, तसं. आतली तापलेली हवा त्या रेट्यानं पलीकडून बाहेर पडत होती आणि मी नेमकी तिकडेच उभी होते. नाकातोंडाला चटका बसला तशी मी मागे सरले.

यवतमाळच्या त्या दवाखान्याच्या आवारात एकच कडुनिंब होता. त्याच्या सावलीत पेशंटांचे नातेवाईक सतरंज्या टाकून पडले होते, त्यामुळे गाडी सकाळपासून उन्हातच उभी. त्यात नवतपा लागलेला, मे अखेरचे ते नऊ जळते दिवस. डोक्यावर पदर घेतला तरी टाळू भाजत होती.

"तू वरती जाय, सूनबाई," मामाजी म्हणाले. "तिची तयारी करून दे. मी गाडी तयार ठेवतो."

मी गेले नाही. मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती आणि त्यासाठीच मी खाली आले होते. आमच्या कांचनचं बाळ पहाटे गेलं होतं.

कांचन माझी धाकटी नणंद. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. आता माहेर म्हणजे कोण, तर मीच. सासूबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यामुळे डिंकाचे लाडू मी केले, बाळंतशेपा मी निवडला, बाजेची सुंभं आवळून घेतली ती मी, शेकायची शेगडी माळ्यावरून काढून लिंपून ठेवली तीही मीच. मामाजींना या कामातलं काडीचं कळत नव्हतं. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला माणूस, जन्मभर कालवे आणि पाट पाहिलेला. पण बायको मागे राहिली नाही म्हणून असेल, ते त्या दिवसांत माझ्या मागे मागे फिरायचे आणि लहान पोरासारखे विचारत राहायचे. हे कशाले? ते कशाले? शेकल्यानं काय होते? कानाले फडकं काहून बांधतात? मी कधी नीट सांगायची, कधी वैतागायची. वैतागायचीच जास्त. मला एक तर कामाचा ढीग, त्यात यांची शाळा.

आणि त्या गाडीचं कौतुक तर विचारू नका. रिटायर झाल्यावर घेतलेली गाडी, एसीवाली. दारव्ह्यात तेव्हा एसीच्या गाड्या किती होत्या? ओळखीपाळखीच्या माणसाला धरून आणायचे, आत बसवायचे, काचा लावायचे आणि म्हणायचे, "आता पाहा." माणूस गार वाऱ्यानं खूश झाला की यांचा चेहरा उजळायचा. आम्ही सगळे त्यांच्या पाठीमागे हसायचो. आमचे हे म्हणायचे, बाबांनी गाडी नाही घेतली, फ्रीज घेतला.

कांचनला दिवस भरत आले तसे एकदा जेवताना त्यांनी मला विचारलं, "सूनबाई, बाळंतिणीले एसी चालते काय?"

"नाही चालत," मी म्हणाले. "ओल्या बाळंतिणीच्या कानात गार वारं गेलं तर जन्माचं दुखणं लागते."

"आणि गरम गाडीत बसवलं तं?"

"तेही नाही चालत. ऊन बाधलं तर दूध आटते म्हणतात."

त्यांनी घास तसाच हातात धरला होता. "म्हणजे गाडी थंड पाहिजे, पण एसी नाही पाहिजे."

"हो."

"बरं," ते म्हणाले आणि जेवायला लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते तर अंगणात भर उन्हात गाडी लावून त्यांचे प्रयोग सुरू. टपावर ओली चादर टाक, दार हलव, सीटवर ओलं फडकं फिरव, आत हात घालून पाहा. मी ओसरीतून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

कांचनला मुलगी झाली. मामाजींनी तिला काचेतून पाहिलं. आमच्याकडची माणसं पहिली मुलगी म्हटल्यावर 'असू द्या' म्हणतात, तसं ते म्हणाले नाहीत. अख्ख्या वॉर्डात पेढे वाटले. बाळ थोडं अशक्त होतं, अंग पिवळं पडलं होतं, पण डॉक्टरांनी दिव्याखाली ठेवलं आणि ते सुधारलं. मग घरी न्यायला परवानगी मिळाली. आदल्या संध्याकाळी मामाजी गाडी आणायला म्हणून एसटीनं दारव्ह्याला गेले. आणि पहाटे पाजायला घेतलेलं बाळ कांचनच्या मांडीवरच निळं पडलं. सिस्टर धावली, डॉक्टर धावत आले, पण काही म्हणता काही झालं नाही.

एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात, आणि त्यात वेळही लावत नाहीत. दिवाकरराव, म्हणजे कांचनचे मालक, आणि आमचे हे, दोघांनी उजाडता उजाडता ते गाठोडं घेतलं आणि जीप करून दिवाकररावांच्या गावाकडे निघाले. वर उरलो आम्ही तिघी. कांचन, मी आणि आत्याबाई.

आत्याबाई म्हणजे मामाजींची पाठची बहीण, अनसूयाबाई. घरात मरण असो की तोरण, ती म्हणेल तसं व्हायचं. तिनं मला व्हरांड्यात घेतलं आणि बजावलं, "दादाले सांगू नोको. त्याले गाडी चालवाची हाये. हात कापले तं आपल्याले घेऊन खड्ड्यात जाईन. घरी पोचल्यावर मी सांगतो."

"आणि खाली गेल्यावर ते बाळ कुठं आहे म्हणतील तेव्हा?"

"म्हणजो दिवाकररावासंगं पुढे गेलं."

मला ते पटलं नाही. आपल्या नातीसाठी गाडी घेऊन आलेल्या माणसाला तासभर फसवत न्यायचं, आणि तेही कांचनच्या समोर? बायकांच्या वॉर्डात पुरुषांना भेटीच्या वेळेशिवाय वर सोडत नसत, म्हणून ते सकाळी आले तसे खालीच होते. आत्याबाईचा डोळा चुकवून मी जिना उतरले. मनाशी ठरवलं होतं, सरळ सांगायचं. चालवता आली नाही गाडी तर दुसरी जीप करू.

खाली येऊन उभी राहिले आणि बोलले ते दाराचं.

"ते फडकं दे इकडे," मामाजी म्हणाले. दार हलवायचं त्यांनी थांबवलं होतं.

बादलीत ओलं फडकं होतं. मी पिळून दिलं. त्यांनी आधी स्टिअरिंग पुसलं, मग गिअरचा दांडा, मग पुढची सीट, मग मागची. रेक्झिनवरून वाफ निघावी तशी ओल क्षणात उडून जायची. त्यांनी पुन्हा पुसलं. मग खांद्यावरचा कोरडा टॉवेल घेतला आणि मागची सीट घासून घासून कोरडी केली.

"ओलं राहू दिलं तं तिच्या पाठीत भरन," ते म्हणाले.

"हो."

"तिनं काही खाल्लं?"

"नाही. चहा घेतला अर्धा."

"उठून बसली?"

"नाही."

"कोणासंगं बोलली?"

"नाही बोलत, मामाजी. भिंतीकडे तोंड करून पडली आहे."

त्यांनी 'काहून' विचारलं नाही. मी वाट पाहत होते की ते विचारतील, मग मला सांगता येईल. ते टपावरची चादर काढून बादलीत बुडवायला लागले. दुसरं टोक मी धरलं. आम्ही दोघांनी मिळून ती पिळली नाही, तशीच टपकती टपावर अंथरली. पाणी काचेवरून ओघळून खाली आलं आणि मातीत पडायच्या आत सुकलं.

वॉचमन सावलीतून उठून आला. त्याला बराच वेळ मजा वाटत असावी. "काय बाबूजी, गाडीत एसी नाही काय?"

"हाये," मामाजी म्हणाले.

"मग लावा ना. सकाळपासून काहून उन्हात मरता?"

"बाळंतीण बसणार हाये."

वॉचमनची मजा जिथल्या तिथे संपली. "हां, मग बरोबर हाये," तो म्हणाला. "मग एसी नाहीच चालत." आणि त्यानं स्वतःहून नळावरून दुसरी बादली भरून आणून ठेवली.

मला ते सहन होईना. त्या बादलीकडे पाहून मी गाडीचा आधार घेतला आणि हात भाजला म्हणून झटकन काढला.

"मामाजी, मला तुम्हाला एक सांगायचं आहे."

"मले माहीत हाये," ते म्हणाले.

ते पुन्हा दाराशी गेले होते. आता दार पहिल्यासारखं जोरात हलवत नव्हते, सावकाश हलवत होते.

"सकाळी मी फाटकातून आत शिरलो तवा जीप बाहेर निघत होती. जावई मागे बसले होते. मांडीवर गाठोडं. मी थांबवली जीप." त्यांनी दार लोटलं. "मी फडकं सरकवून तोंड पाह्यलं तिचं. झोपल्यासारखीच होती."

म्हणजे आम्ही वर कुजबुजत होतो, कोण सांगेल, कसं सांगेल, हात कापतील, गाडी खड्ड्यात जाईल, आणि हा म्हातारा अख्खी सकाळ इथे खाली सगळं उरात घेऊन उभा होता. मला रडू आलं, आणि खरं सांगते, रागही आला. माणसानं वर निरोप तरी पाठवावा.

"मग हे काय करत बसलात?" मी म्हणाले. "मामाजी, कोणासाठी?"

ते उत्तर देणार तेवढ्यात आत्याबाई जिन्याच्या पायऱ्या धापा टाकत उतरली. आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि काय ते समजली.

"सांगून बसली ना? मी काय बोलली होती व तुले?"

"तिनं नाही सांगतलं. मी पाह्यलं," मामाजी म्हणाले.

आत्याबाई पायरीवरच बसली आणि पदर तोंडाला लावून थोडा वेळ रडली. दगडाची नव्हती ती. पण रडून झालं की तिचं कामच सुरू व्हायचं. डोळे पुसून म्हणाली, "चला मंग. डॉक्टरानं कागद देले हायेत. पोरगी उठून नाही राह्यली, तिले दोघीजणी धरून आणू. तू एसी लाव न् गाडी आण जिन्याजवळ. हा पसारा काहून करून ठेवला?"

"एसी नाही लावत."

"काहून?"

"बाळंतीण हाये ते."

आत्याबाईनं भावाकडे असं पाहिलं की मला वाटलं आता ही ओरडणार. पण ती हळूच बोलली, समजूत घातल्यासारखी. "कशाची बाळंतीण, दादा? लेकरू नाही तं बाळंतपण कशाचं? माह्यं ऐक. घरी गेल्याबरोबर ते बाज उचलू, शेगडी माळ्यावर टाकू, लाडूचा डबा देऊन टाकू कोणाले. ते सारं डोळ्यापुढे राह्यलं तं पोरगी येडी होईन. आज डोक्यावरून न्हाऊ घालू, दोन-चार दिवसांत घरकामाले लावू. कामात माणूस इसरते." आणि मग तिनं माझ्याकडे बोट केलं. "या सिंधूच्या वक्ताले काय केलं आपण? काहीच नाही केलं. तिसऱ्या दिवशी उठली, चुलीले लागली, झाली का नाही बरी? मंग पिंकी झाली. गेली सारं इसरून."

मी तुमच्याशी हे आत्तापर्यंत बोलले नाही. बोलायची सवयच राहिली नव्हती. माझ्या पिंकीच्या आधी मला एक मुलगा झाला होता. नऊ महिने नऊ दिवस पोटात वाढलेला, लाथा मारणारा, आणि बाहेर आला तो रडलाच नाही. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, म्हणून ते बाळंतपण सासरीच झालं होतं, घरच्या मधल्या खोलीत. दाईनं त्याला फडक्यात गुंडाळून बाहेर दिलं. मी म्हटलं, मला दाखवा. सासूबाई म्हणाल्या, पाहू नये. आत्याबाई म्हणाली, पाहिलं की जीव अडकते. मग मला कुणी काहीच बोललं नाही. बाज निघाली, शेगडी निघाली. तिसऱ्या दिवशी मी मोरीवर भांडी घासत होते. पौषाची थंडी होती आणि अंगावर दूध ओघळत होतं. पुढे पिंकीच्या वेळी सासूबाईंनी सगळं थाटात केलं, शेकलं, न्हाऊ-माखू घातलं, काही कमी केलं नाही. येणारी-जाणारी बाई विचारायची, पहिलंच का? आणि मी हो म्हणायची.

मामाजींनी दार सोडलं. ते गाडीला वळसा घालून माझ्यासमोर आले. सासरा सुनेच्या इतका समोर येऊन उभा राहत नाही आमच्याकडे.

"इसरली काय तू?" त्यांनी विचारलं.

आत्याबाईसमोर खोटं बोलणं सोपं होतं. इतकी वर्षं तेच केलं होतं.

"नाही, मामाजी," मी म्हणाले. "एक दिवस नाही विसरले. मला त्याचं तोंडसुद्धा कोणी पाहू दिलं नाही."

त्यांनी मान हलवली. कपाळावरचा घाम त्याच टॉवेलनं पुसला.

"मीच नेला होता त्याले," ते म्हणाले. "वावरातल्या बोरीखाली. मी पाह्यलं तोंड त्याचं. कपाळ तुझं होतं. असं मोठं." त्यांनी स्वतःच्या कपाळावरून बोटं फिरवली. "तिसऱ्या दिवशी पाह्यलं तं तू मोरीजवळ पाठमोरी बसली होती. मले वाटलं सांगावं. मंग वाटलं, बायकांचं काम, आपण काय बोलाचं. तुझी सासू होती, अनसूया होती. मी आपला ओसरीत जाऊन बसलो."

आत्याबाई खाली मातीकडे पाहत होती. मला काय वाटलं ते कसं सांगू? माझ्या लेकराचं कपाळ कसं होतं ते या जगात एका माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस रोज माझ्या हातचं जेवत होता. मी त्यांना वाढायची, ते जेवायचे, आणि हे त्यांच्या पोटात होतं. वाटलं ओरडावं त्यांच्यावर. वाटलं त्यांच्या पायांवर डोकं टेकून रडावं. त्यातलं काहीच केलं नाही. वर कांचन एकटी होती.

"गाडी जिन्याशी आणा," मी म्हणाले. "मी तिला घेऊन येते."

कांचन तशीच पडली होती, भिंतीकडे तोंड करून. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं आपलं बाळ पदराखाली झाकून घेतलं होतं, आवाज होऊ नये म्हणून. मी कांचनच्या पाठीशी बसले.

"चल, कांचन. बाबा खाली थांबले आहेत."

"मी नाही येत." पहाटेनंतरचे तिचे ते पहिले शब्द. "काय तोंड घेऊन येऊ, वहिनी? बाबांनी पाळणा आणून ठेवला आहे. मला दिवाकरच्या गावी पाठवा. नाही तर इथेच राहू द्या."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ब्लाउज समोरून भिजून पार कुशीपर्यंत ओलं झालं होतं. तिनं अंग आवळून घेतलं.

"थांबतच नाही," ती भिंतीला म्हणाली. "त्याला काही कळतच नाहीये, मेल्या दुधाला. काय करू मी याचं?"

"पिळून टाकावं लागतं," मी म्हणाले. "नाही तर गाठी होतात, ताप भरतो. मी मोरीत पिळून टाकत होते. भांड्यांचा आवाज करायची, म्हणजे बाहेर कोणाला कळू नये."

ती वळली. माझ्या वेळी ती अमरावतीला होस्टेलवर होती, तिला एवढंच कळलं होतं की वहिनीचं बाळ राहिलं नाही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आत्ताच दारातून आले.

"किती दिवस येतं ते?"

"येतं काही दिवस. मग एका सकाळी येत नाही. त्या दिवशी फार वाईट वाटतं. तुला आत्ताच सांगून ठेवते."

ती रडली नाही. डोळे कोरडे ठणठणीत होते. पण तिनं हात पुढे केला, आणि मी तो धरून तिला उठवलं. पिशवीतून मऊ फडकं काढून तिच्या कानांवरून डोकं बांधायला लागले, तसा तिनं माझा हात धरला.

"हे कशाला आता?"

"तुझ्या बाबांना विचार. सकाळपासून उन्हात दार हलवत उभे आहेत, बाळंतिणीसाठी गाडी थंड करायला. त्यांना सगळं माहीत आहे. तोंडही पाहिलं आहे त्यांनी तिचं. तरी हलवत आहेत."

तिनं माझा हात सोडला. मी गाठ मारली.

जिन्याशी गाडी उभी होती. टपावरची चादर काढलेली, काचा चढवलेल्या, मागच्या सीटवर घरून आणलेली गोधडी घडी करून पसरलेली. मामाजींनी दार धरलं. बापलेकीनं एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी आत हात घालून सीटवर तळवा ठेवला, पुन्हा एकदा खात्री केली आणि म्हणाले, "बस, बाई. नाही लागत चटका."

ती बसली. खरंच आत गार होतं. एसीसारखं नाही, माठाजवळ बसल्यावर लागतं तेवढं. मी तिच्या शेजारी बसले, तिचं डोकं मांडीवर घेतलं. आत्याबाई पुढे बसली. वॉचमननं फाटक उघडून धरलं आणि आमच्यात बाळ शोधत आत डोकावून पाहिलं, आणि मग चटकन दुसरीकडे मान वळवली.

आता तो गारवा टिकणार किती? दारव्हा रोडला लागलो तशी गाडी पुन्हा तापायला लागली. मामाजींनी आपल्या बाजूची काच बोटभर उघडली होती, बाकी सगळ्या बंद. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. माझ्या पाठीवरून घामाच्या धारा वाहत होत्या, पुढे आत्याबाई पदरानं वारा घेत होती.

"बाबा," कांचन म्हणाली, "एसी लावा. उकडतंय सगळ्यांना. मला आता काय व्हायचं राहिलं आहे?"

"सव्वा महिना नाही लावणार," मामाजी म्हणाले.

"कोणासाठी, बाबा? पोरगी तर गेली."

"ते गेली," मामाजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज तिथेच फाटला. गाडी सरळ चालली होती, हात कापत नव्हते. "तू हायेस ना. तुले शेकतील, तुले लाडू खाऊ घालतील, तुले तेल लावतील. सिंधू करन सारं. बाज कोणी उचलणार नाही. तू सव्वा महिना बाळंतीण हायेस माह्या घरी. मंग जे होईन ते होईन."

तेव्हा कुठे ती रडली. माझ्या पोटात तोंड खुपसून, मोठ्यानं, लहान मुलीसारखी. माझी साडी तिच्या मुठीत धरून. मी तिला थोपटत राहिले. आत्याबाईनं मागे हात करून तिचा पाय धरला आणि तो पार पुढच्या गावापर्यंत सोडला नाही.

कांचन रडून रडून निपचित झाली. बोरी गावाचा पूल मागे पडला.

"सूनबाई," मामाजी म्हणाले.

"जी, मामाजी."

"तुझ्या कानाले काही बांधलं नाही."

मला वाटलं उन्हानं त्यांना भ्रम झाला. "मला कशाला, मामाजी? कांचनला बांधलं आहे."

आत्याबाई वळून माझ्याकडे पाहायला लागली, मग भावाकडे.

"बांध, बाई," ते समोर रस्त्याकडे पाहत म्हणाले. "तुझं राहून गेलं होतं."

मी पदर घेतला, कानांवरून घट्ट गुंडाळला आणि गळ्याशी गाठ मारली. बाहेर नवतप्याचं ऊन, आत सगळ्या काचा बंद, आणि मी धडधाकट बाई कानाला पदर बांधून बसले. मग माझ्या पोटातून जो हुंदका फुटला, तो दारव्हा येईपर्यंत काही केल्या थांबला नाही. मामाजींनी गाडी सावकाश चालवली. एकदाही आरशातून मागे पाहिलं नाही.